उजव्या स्टिअरिंगची लॉरी

मी लॉरी बोलतेय. ट्रक म्हणून हाक मारलीत तरी ओ देईन, पण जरा उशिरा देईन. माझ्या काळात सगळे लॉरीच म्हणायचे, आणि मी माझ्या काळाला धरून आहे. माझी लांबी तुमच्या तर्जनीएवढी. खऱ्या लॉरीपेक्षा मी सत्त्याऐंशी पट लहान आहे, पण समोरची काच दोन तुकड्यांची आहे, हौद्याला फाळका आहे आणि आत मसुरीएवढं स्टिअरिंग आहे. ते उजवीकडे आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यापायीच झाला.

माझा जन्म साच्यातला. वितळलेला धातू ओतायचा, थंड झाला की साचा उघडायचा, की एका वेळी आम्ही बारा बहिणी बाहेर. रंगकामाच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. समोरच्या जाळीवर चंदेरी रंगाचा हात फिरवायचा, एवढंच त्यांचं काम. माझी पाळी आली तेव्हा त्या शेजारणीला सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या. विषय रंगात आला आणि ब्रश घसरला. माझ्या डाव्या दिव्याखाली तो चंदेरी फराटा अजून आहे. माझा त्यांच्यावर राग नाही, सून तशीच असावी.

माझी पहिली मालकीण सहा वर्षांची होती. तिची आई कपडे शिवायची, त्यामुळे मला माल भरपूर मिळायचा. गुंड्या, हुक, दोऱ्याची रिकामी रिळं. शिवणयंत्राच्या पायथ्यापासून खाटेखालपर्यंत माझ्या दिवसाला वीस-वीस खेपा व्हायच्या. ते माझे खरे कामाचे दिवस. मग ती मोठी झाली आणि मी खणात गेले.

खणात माझ्याबरोबर किल्ल्यांचा जुडगा होता. त्यांची कुलपं कधीच हरवली होती. माणसं कुलूप हरवलं तरी किल्ली टाकत नाहीत, हे मी तिथं शिकले. किती वर्षं गेली ते मोजलं नाही. एक दिवस घर रिकामं झालं, खण उपडा झाला आणि मी जुन्या बाजारात एका चादरीवर येऊन बसले. माझ्या एका बाजूला फुटका टेबललॅम्प आणि दुसऱ्या बाजूला चष्म्यांचा ढीग होता.

तिथं मला सालवाले भेटले. हे त्यांचं बाजारातलं नाव. दर रविवारी यायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि कुठलीही खेळण्यातली गाडी उचलली की पहिला प्रश्न विचारायचे, "ही कोणत्या सालची?" दुकानदार सांगेल ते साल त्यांना कधीच पटायचं नाही. एक बस त्यांनी मागचे दिवे बघून परत ठेवली. म्हणाले, ही तीन वर्षांनी तरुण आहे. दुकानदारानं कपाळाला हात लावला.

सालवाले आयुष्यभर कवळ्या बनवायचे. लोकांच्या तोंडात बसणारी वस्तू केसभरही चुकून चालत नाही, आणि ती सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी एका मोठ्या टेबलावर एक छोटं स्टेशन उभं केलं होतं. रूळ, मालधक्का, पाण्याची टाकी, फलाटावरचं घड्याळ, सगळं एकाच फोटोवरून. त्या फोटोचं जे साल, त्याच्या पुढची एकही वस्तू टेबलावर येऊ द्यायची नाही, हा त्यांचा पण. सायकली सापडल्या, हातगाडी सापडली, पाठमोरी उभी असलेली एक बंद व्हॅन सापडली. फक्त लॉरी मिळत नव्हती. सात वर्षं ते लॉरीच्या मागे होते.

आणि लॉरीसाठीच तर सगळा खटाटोप होता. सालवाल्यांचे वडील लॉरी चालवायचे, रोजच्या गाडीनं आलेला माल मालधक्क्यावरून गावात न्यायचे. सालवाले दोन वर्षांचे असताना ते गेले. घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. मग आत्याच्या पेटीत एक जुनी निगेटिव्ह निघाली आणि एका स्टुडिओवाल्यानं ती मोठी करून दिली. मालधक्क्याशी लॉरी उभी आहे, खिडकीतून एक कोपर बाहेर आलंय, चेहरा सावलीत आहे. सालवाल्यांना वडील माहीत होते ते एवढेच, कोपरापुरते.

मला बघताच त्यांनी उचललं. काच दोन तुकड्यांची, फाळका लाकडी पट्ट्यांचा, साल तंतोतंत. त्यांनी भिंग आत रोखलं आणि चेहरा पडला. फोटोतलं कोपर लॉरीच्या डाव्या खिडकीतून बाहेर आलं होतं. म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. आमच्या इकडे गाड्यांची स्टिअरिंगं उजवीकडे असतात, पण सालवाल्यांनी त्याचाही उलगडा करून ठेवला होता. ही लष्कराच्या लिलावातली परदेशी लॉरी असणार. झालं. मला घरी आणलं, पण एका डब्यात टाकलं. डब्यावर चिठ्ठी होती, 'जवळजवळ'.

या शब्दाइतका अपमान माझा कोणी केला नाही. चूक म्हटलं असतं तर मी भांडले असते. जवळजवळ म्हटल्यावर भांडायला जागाच राहत नाही. चार वर्षं मी त्या डब्यात काढली, एक जीप आणि दोन चुकीच्या मोटारींच्या संगतीत. जीपला फार बोलायची सवय होती.

डब्याच्या फटीतून मला खोली दिसायची. पाहुणे आले की सालवाले टेबलावरची चादर काढायचे आणि स्टेशनवरचं घड्याळ दाखवायचे. घड्याळाच्या तबकडीवर आकडे नव्हते, नुसत्या रेघा. काटे फोटोप्रमाणे दोनला दहा कमी दाखवत होते. जुन्या वेळापत्रकात मात्र गाडी एकच, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांची. सालवाले गंभीरपणे सांगायचे, "त्या दिवशी गाडी तीन तास चाळीस मिनिटं लेट होती." त्यांनी तसं सुबक अक्षरात लिहून टेबलाच्या कडेला लावलंही होतं. बायको आतून म्हणायची, "अकरा वर्षं झाली, यांची गाडी काही वेळेवर येत नाही."

मग ताईचा फोन आला. ताई म्हणजे सालवाल्यांची मोठी बहीण, त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. ते स्टेशन आणि ते वडील डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता ती एकटीच उरली होती. टेबलाबद्दल तिला काही माहीत नव्हतं. पूर्ण झाल्यावरच दाखवायचं, असं सालवाल्यांनी ठरवलं होतं. लॉरीचा रंग कोणता, असली चौकशी ते फोनवर आडून आडून करायचे आणि ताई म्हणायची, मातीचा, धुतली कोणी होती? आता तिचा गुडघा बरा झाला होता आणि ती सतरा तारखेला येणार होती.

सालवाले हट्टाला पेटले. डावी लॉरी मिळत नाही, तर उजवीची डावी करू. त्यांनी डबा उघडला आणि मला उचललं. चिमट्यात पकडून माझी केबिन चासीपासून सुटी केली. शेजारी बारीक करवत ठेवली, जिनं ते कवळीचे जादा तुकडे कापायचे. स्टिअरिंग कापून काढायचं, डावीकडे भोक पाडायचं आणि तिथं चिकटवायचं. माझं धाबं दणाणलं. पण ओरडणार कशानं, हॉर्नही नुसता रंगवलेला.

ताई सोळालाच आली. आदल्या दिवशीचं तिकीट मिळालं म्हणाली, आणि चप्पल काढता काढता सरळ खोलीत शिरली. टेबल उघडंच होतं.

तिनं टेबलाभोवती एक चक्कर मारली. पाण्याच्या टाकीला बोट लावलं, मालधक्क्याच्या छपराला लावलं. सालवाले तिच्याकडे बघत होते, सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईकडे अडुसष्ट वर्षांचा माणूस निकालाला बसल्यासारखा बघत होता. शेवटी तिनं विचारलं, लॉरी कुठाय? त्यांनी चिमट्यातली मी दाखवली. उद्यापर्यंत होईल, म्हणाले, फक्त स्टिअरिंग डावीकडे घ्यायचंय.

"डावीकडे कशाला?"

"फोटोत डावीकडे आहे, ताई."

ताईनं खुर्ची ओढली आणि बसली. डावा हात पुढे करून तिनं हवेतच गिअर टाकला.

"बाबा असा टाकायचे. दर वेळी त्यांचं कोपर माझ्या खांद्याला लागायचं. ते त्या बाजूला बसले, तर मी कुठं बसू?"

सालवाले फोटोकडे बघू लागले. मग बायकोनं भिंतीवरचा फोटो काढला आणि पॅसेजमधल्या आरशासमोर धरला. आरशात कोपर उजव्या खिडकीतून बाहेर आलेलं होतं. मालधक्का पलीकडे गेला होता. आणि घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"गाडी वेळेवरच होती हो," ती हळूच म्हणाली. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलट्या बाजूनं छापली होती.

ज्या माणसानं मागच्या दिव्यावरून बसचं वय ओळखलं, त्याच्या टेबलावर अकरा वर्षं अख्खं गाव उलटं उभं होतं. मला हसू यायला हवं होतं, चार वर्षांचा हिशेब चुकता झाला होता. पण सालवाले स्टुलावर बसले होते, आणि त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले होते. मला त्यांची फार दया आली.

बायकोनं समजूत घातली. राहू दे असंच, कोणाला कळणार आहे? सालवाले म्हणाले, मला कळलंय ना. मग तिनं तोडगा काढला. टेबलाच्या मागे भिंतभर आरसा लावू, आरशात सगळं सुलटं दिसेल. तोडगा वाईट नव्हता. सालवाल्यांनी तो घटकाभर मनातल्या मनात तोलून पाहिला.

"नको," ते म्हणाले. "मला बाबा आरशात नकोत."

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर त्यांनी पहिला रूळ उखडला. मग दुसरा. फलाट, टाकी, छप्पर एकेक करून कागदात गुंडाळलं. गाडी लेट असल्याची चिठ्ठी मात्र फाडून टाकली. चार दिवसांत टेबल उघडं बोडकं झालं. माझी केबिन पुन्हा चासीवर बसवली, उजव्या स्टिअरिंगसकट, आणि त्या रिकाम्या फळीवर सगळ्यांत आधी मला ठेवलं. ताई खुर्चीतून सांगत होती, "जरा पुढे. अजून. तिरकी उभी करायचे ते." मी जागेवर आले तेव्हा सालवाल्यांनी माझ्या चाकांभोवती पेन्सिलीनं खुणा केल्या. आता रूळ किती लांब, मालधक्का किती उंच, सगळी मापं माझ्यापासून धरायची आहेत. 'जवळजवळ'वाल्या जीपला हे कोणीतरी कळवा.

ताई आठवड्यासाठी आली होती. तिनं मुलाला फोन करून सांगितलं, की इथं काम निघालंय, इतक्यात येत नाही. आणि बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावले. आता रोज सकाळी दोघं टेबलाशी बसतात आणि भांडतात. ती म्हणते इथं नळ होता, ते म्हणतात पुरावा काय, ती म्हणते पुरावा मी. सध्या तरी पुराव्याची सरशी आहे.

काल सालवाल्यांनी कवळीच्या गुलाबी मसाल्यातून तांदळाएवढे वडील घडवले. भिंग लावून, कानशीनं घासून, कोपर खिडकीबाहेर येईल असे. चिमट्यानं उचलून माझ्या उजव्या सीटवर बसवले. मग ते थांबले. फोटोत शेजारची सीट नुसती काळी आहे, तिथं कोणी आहे की नाही ते कळत नाही. आणि जे फोटोत नाही ते टेबलावर नाही, हा त्यांचा अकरा वर्षांचा कायदा.

त्यांनी आणखी एक गुलाबी कण घेतला, वडिलांहून लहान, आणि बोटांनी वळायला लागले. ताई पेपर वाचत होती. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ताई, फ्रॉक कोणत्या रंगाचा होता?"

ताईनं पेपर खाली घेतला. त्याची घडी घातली.

"पिवळा," ती म्हणाली.

तर सध्या माझ्यात दोघं बसलेत. स्टेशन अजून व्हायचंय, रूळ यायचेत, सालवाल्यांच्या मते दोन वर्षं, ताईच्या मते एक, आणि तिच्या मताला मान द्यायला हवा. मी इथून हलणार नाही. तुम्ही बघायला आलात तर अवश्य या, वाका, भिंगातून बघा. फक्त हात लावू नका. पिवळा रंग अजून ओला आहे.