लाल रेषेवर एक वीत

बायको झुंबरबाई गेल्याचं जोतीरामला कळलं, तेव्हा तो शाहूपुरीतल्या आपल्या दुकानात माळ्यावर मिरचीची पोती चढवत होता. पाणी गल्लीत शिरलं होतं. तिला त्यानं आदल्या दिवशीच मंगळवार पेठेत लेकीकडं, स्नेहलकडं धाडलं होतं. तिकडं पाणी येत नाही. शेजारचा गादीवाला इमाम कमरेएवढ्या पाण्यातून आला आणि दारात उभा राहिला. एरवी गल्लीच्या टोकापासून हाका मारणारा माणूस, आज पार दारापर्यंत आला होता.

"काय रं, गाद्या भिजल्या का?" जोतीरामनं वरूनच विचारलं.

"खाली ये. स्नेहलचा फोन आलता. तुझा लागंना म्हणून मला केला."

पुढचं सांगायची गरज पडली नाही. तरी जोतीरामनं हातातलं पोतं आधी नीट वर सारलं, मगच तो उतरला. झोपेतच गेली होती.

दुकान म्हणजे चटणी कुटून द्यायचा डंक. मशीन त्याचं, मीठमसाल्याचं माप तिचं. बायका डबे घेऊन यायच्या त्या तिच्याशी बोलायला. "दुकान वर घ्या एकदा, किती बारी चिखल उपसायचा?" असं ती प्रत्येक पुरानंतर म्हणायची. आता या पुरानं दुकान एका अंगाला खचलंच होतं. तिच्या मनासारखं बांधायचं, एवढंच जोतीरामनं धरलं.

इंजिनिअर राजवर्धननं मशीन लावून लेव्हल घेतली. "काका, जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधी हाय. बांधता येतंय. जोतं फक्त लाल रेषेच्या, म्हंजे शंभर वर्षातल्या मोठ्या पुराच्या पातळीच्या वर पायजे, आणि ते मी धरलंय."

जोतीरामनं त्याला मागची भिंत दाखवली. प्रत्येक पूर ओसरला की झुंबरबाई तिथं कुंकवाची आडवी रेघ ओढायची. सगळ्यात वरच्या रेघेवर त्यानं बोट ठेवलं. "पाणी हितवर आलंय. तुझं जोतं ह्याच्या खाली पडतंय की."

"लेव्हल चुकत न्हाय, काका. आणि ह्याच्या वर गेलो तर पायऱ्या गटार ओलांडून रस्त्यावर येत्यात. पास हुणार न्हाय."

"मग नको हुदे. ती काय खोटी रेघ ओढंल व्हय?"

नकाशा तसाच पडून राहिला. उन्हाळा आला, तशी इमामची बायको कुलसुम येऊन भांडली. "काय भाऊ, डंक बंद ठेवलासा. आमी मिरची काय दातानं कुटायची?"

जोतीरामनं अडचण सांगितली. ती हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला.

"अवो, ती पाण्याची खूण न्हाय! स्टूल मीच धरायची की. डाग खाली असायचा, अन् भाभी रेघ वीतभर वर ओढायची. म्हणायची, नदी माहेरवाशीण हाय, पुढच्या बारीला तिला जागा कमी पडाय नको."

"मला कवा बोलली न्हाय."

"तुमी मशीन धुवत असायचासा."

कुलसुम घरी परतल्यावर जोतीराम भिंतीपुढं उभा राहिला. रेघेखाली हात लावला, तर खरंच, वीतभर खाली पाण्याचा मातकट डाग. इतकी वर्षं डोळ्यापुढं होता. झुंबरबाईनं आत्ता यावं, "दिसत न्हाय व्हय तुमास्नी?" म्हणून खेकसावं, असं त्याला फार वाटलं. दुकान वर घेतलेलं बघायला तरी थांबायचं होतंस, असं तो भिंतीला बोलला. मग त्यानं राजवर्धनला फोन लावला.

"तुझंच जोतं धर बाबा. पाणी रेघेच्या वीतभर खालीच व्हतं, तिनं नदीसाठी जागा सोडलीया."

परवानगी आली. पायऱ्या गटाराच्या आत बसल्या. खांबांची आखणी झाली. बाकी दुकान उतरवून झालं, मागची भिंत तेवढी उभी आहे. झुंबरबाई गेली त्या पुराची रेघ भिंतीवर नाही. ती कुणी ओढलेली नाही, आणि भिंत पाडायची राहिली आहे.