झेंडूच्या माळेमागचा पासवर्ड

"तांत्रिक बिघाडामुळे रिपोर्ट फुटले, असं लिही," लॅबचे मालक हेमचंद्र सर म्हणाले. "आणि खाली तुझी सही."

प्रीतीने पेन उचललं नाही. तिची कानशिलं तापली होती. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या या पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर तीच सांभाळायची आणि बिघाड कुठे झाला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पेशंटच्या मोबाइलवर रिपोर्ट धाडणारा एक प्रोग्रॅम पडद्यामागे दिवसभर चालायचा. त्याला रिपोर्टच्या साठ्याचा पासवर्ड लागायचा. तो प्रीतीने एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद करून ठेवला होता. मशीन सुरू झालं की तो त्या प्रोग्रॅमपुरताच उलगडायचा, माणसाच्या नजरेला पडायचाच नाही. सरांना नेमकं हेच खुपायचं. मालकालाच दिसत नाही तो पासवर्ड कसला, उद्या तू सोडून गेलीस तर, म्हणून त्यांनी तिचं डोकं खाल्लं. एक प्रत तुमच्याच बँकेच्या लॉकरमध्ये आहे, असं तिने सांगून पाहिलं. दसऱ्याला ती सुट्टीवर होती. आदल्या दिवशीच सरांनी लॉकरमधली प्रत आणली होती. ती नाही असं पाहून त्यांनी तो पासवर्ड सेटिंगच्या फाइलमध्ये उघडा लिहून टाकला. मग मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि पूजेचा फोटो स्टेटसवर. माळेमागे स्क्रीनवर ती फाइल तशीच उघडी. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

कुणीतरी तो फोटो मोठा करून वाचला आणि रिपोर्ट या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरू लागले. त्यात गोदूचाही होता, टीबीचा. गोदू लॅबची लादी पुसायची. औषधं पूर्ण करून ती केव्हाच बरी झाली होती. तरी चाळीतल्या बायकांनी नळावरून तिची कळशी बाजूला सारली.

"कुलूप मी लावलं होतं, सर," प्रीती म्हणाली. "काढलंत तुम्ही, फोटोपण तुम्हीच टाकलात. मी सही नाही करणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत. पण पेशंटना खरं काय ते कळवा. नाहीतर मी कळवीन."

 निघण्याआधी तिने नवा पासवर्ड घातला, पुन्हा एन्क्रिप्ट केला, त्याची प्रत पाकिटात बंद करून सरांसमोर ठेवली. प्रोग्रॅम मुकाट चालू झाला.

आपला चहाचा मग घ्यायला ती मागच्या खोलीत गेली. फळीवर गोदूचा ग्लास नव्हता. तो मागच्या दाराबाहेर, मीटरच्या पेटीवर पालथा होता.

"मीच बाहेर ठेवलाय, ताई," गोदू म्हणाली. "कोणी बोलायच्या आत."

प्रीतीने तो आणला, धुतला आणि सरांच्या कपाला खेटून फळीवर ठेवला. जिना उतरताना तिने मागे पाहिलं. गोदू ग्लास पुन्हा बाहेर नेत होती.