प्रार्थनेचा विषय

“आणि प्रभू, आमच्या बहिणीच्या डाव्या कानाला बरं कर,” पाळकसाहेब डोळे मिटून म्हणाले. “ज्या हातानं ती इजा झाली, त्या हाताला क्षमा करायचं बळ तिला दे.”

कानवाल्या बाईंनी चटकन डोळे उघडले. भरल्या खोलीत सगळ्यांचे मिटलेले होते, फक्त खिडकीशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीचे उघडे होते.

नवऱ्याच्या स्मरणदिनाची प्रार्थना दरवर्षी घरीच व्हायची. शेवटी मुलगी वडिलांचं आवडतं गीत म्हणायची. ते गेले तेव्हा ती रांगत होती. चर्चमधले मुख्य गायक, हसरे, मायाळू असे तिचे बाबा आईनं सांगून सांगून घडवले होते.

“आमेन,” सगळे म्हणाले आणि गीतासाठी थांबले. मुलगी आत निघून गेली.

“घसा बसलाय तिचा,” बाई म्हणाल्या.

बाई दवाखान्यात कान तपासायच्या, म्हणून कानवाल्या बाई. तपासणीची खोली कपाटाएवढी, दार जाड, भिंतींना स्पंज. मागच्या महिन्यात त्यांची जुनी मैत्रीण, चर्चच्या रविवारच्या शाळेतली टीचर, तिथं कान दाखवायला आली होती. जाता जाता म्हणाली, “जगाचे कान तपासतेस आणि स्वतः मान वाकडी करून ऐकतेस. मला इतकी वर्षं वाटायचं, भक्तिभाव!”

दोघी खूप हसल्या. हसता हसता बाईंच्या तोंडून निघून गेलं: नवऱ्याची थप्पड, कानाचा फाटलेला पडदा. त्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही, ही सवय त्यांच्या अंगात मुरली होती.

“पोरीला कळता कामा नये हं.”

“वेडी का तू? माझ्या पोटातून बाहेर येणार नाही.”

आता प्रार्थना आटोपल्यावर टीचर चपला शोधत होती. बाईंनी तिला दारातच गाठलं.

“मी कुणाला सांगितलं नाही गं,” टीचर आधीच म्हणाली. “महिला मंडळात प्रार्थनेचा विषय म्हणून ठेवलं फक्त. नावसुद्धा नाही घेतलं.”

“डावा कान म्हणालीस?”

“अगं, विषय नीट मांडायला नको?”

“देवाला सांगायला तुला अख्खं मंडळ लागतं होय?”

“असं काय बोलतेस! तुझ्यासाठी रडल्या सगळ्या.”

मंडळातली प्रत्येक बाई आज वळसा घालून आपल्या उजव्या बाजूला येऊन का बोलत होती, ते बाईंना आत्ता कळलं. त्यांनी टीचरच्या हातात तिची पर्स दिली आणि दार लावलं.

मुलगी स्वयंपाकघरात कप विसळत होती.

“खरंय? बाबांनी?”

“हो.”

“मग दरवर्षी मला उभं करून कुणाचं स्मरण करत होतीस?”

“तुला आठवायला चांगला बाप हवा होता. मी दिला.”

“दारातलं ऐकलं मी. टीचरना माहीत, मंडळाला माहीत, पाळकसाहेबांना माहीत. मी तेवढी मूर्ख, डोळ्यांत पाणी आणून गात होते.”

बाई स्टुलावर बसल्या. “हे बघ, प्रभुभोजनाला आपण येशूच्या ज्या शेवटच्या रात्रीची आठवण करतो, तीही विश्वासघाताचीच रात्र. तरी भाकर घेतोच ना?”

“घेतो. पण पाळकसाहेब दर वेळी आधी मोठ्यानं सांगतात, येशूला धरून दिल्याची रात्र म्हणून. लपवत नाहीत, आई.”

बाई विसळलेला एक कप घेऊन पुसू लागल्या. टीचरबद्दलचा राग तिथंच थिजला.

मुलीनं नळ बंद केला. ती येऊन आईच्या समोर, पाटावर बसली.

“मारलं, त्या रविवारी बाबा गायले?”

“गायले.”

“तू होतीस?”

“पुढच्याच बाकावर.”

“कसं गायले?”

‘बेसूर’ म्हटलं असतं तर पोरीला सोपं गेलं असतं.

“सुरेख,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तर फारच सुरेख.”

बाहेरच्या खोलीत शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या अजून ओळीनं मांडलेल्या होत्या. दोघींपैकी कुणीही त्या आवरायला उठलं नाही.