मनिलाला न गेलेली मुलगी

आमच्या वस्तीत मूल सरकारी परीक्षा पास झालं, की घराच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. नर्स, शिक्षक, इंजिनिअर, जे काही झालं असेल ते मोठ्या अक्षरात. बाजूला पदवीच्या टोपीतला फोटो, खाली आईबापांची नावं. ऊन-पावसानं चेहरा विटून जातो, तरी कुणी तो उतरवत नाही. नापास झालेल्याच्या फाटकावर अर्थातच काही नसतं. येणारा-जाणारा त्या मोकळ्या जागेकडेही बघतो, आणि काही विचारत नाही. न विचारण्याला आम्ही चांगुलपणा समजत आलो.

रेमी नावाच्या विधवेनं मुलीच्या निकालाआधीच फाटकाशी दोन बांबू रोवून ठेवले होते. मुलगी एडर्लिन, तेवीस वर्षांची, नर्सिंगचं कॉलेज संपवून नोव्हेंबरच्या परीक्षेला बसलेली. तिनं भिंतीवर कागद चिकटवला होता: पुढच्या वर्षी पास, इलोइलो शहरात नोकरी, मग परदेश. निकाल लागला. पास झालेल्यांची यादी सगळ्यांच्या फोनवर आली. एडर्लिननं ती चार वेळा वरपासून खालपर्यंत वाचली. तिचं नाव नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रेमीनं बांबू उपटले, आणि सार्वजनिक नळावर सांगून टाकलं, "एडर्लिन मनिलाला गेली. माझ्या मामेबहिणीकडे. तिथं मोठा क्लास आहे ना, आता तिथूनच पास होऊन येईल."

"बरं झालं बाई," बायका म्हणाल्या. "इथं अभ्यास कुठला होतोय?"

एडर्लिन मनिलाला गेली नव्हती. ती घरातच होती. मागची खिडकी बंद, पुढचं दार लोटलेलं. अंघोळ पहाटे, अंधार असताना. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं.

"किती दिवस, नानाय?" तिनं आईला विचारलं.

"मे महिन्यात परीक्षा आहे. पास झालीस की तुला मनिलाहून आणू."

"आणि नाही झाले तर?"

"तोंडाला काही आवर आहे की नाही तुझ्या?"

रेमी वाईट बाई नव्हती, हे इथं सांगायला हवं. नवरा समुद्रावर असताना वारला, त्यानंतर तिनं मासे सुकवून पोरीला शिकवलं होतं. दोन हातांच्या बोटांना मिठानं पडलेल्या भेगा कधी बुजल्या नाहीत. एवढं केल्यावर मुलगी नापास झाली, हे लोकांसमोर म्हणायचं तिच्या जिभेला जमेना, इतकंच.

शेजारच्या घरात नांग पुरिंग राहायची. सगळी वस्ती तिला नांग म्हणायची, थोरली म्हणून. नारळाच्या पानात चिकट भात गुंडाळून उकडायची आणि बाजारात विकायची. नवरा इस्लाव होडीवाला, त्याला थोरला म्हणून सगळे नोंग म्हणायचे. दोन घरांमध्ये बांबूच्या पट्ट्यांची भिंत होती, पलीकडचं दिसत नसे, पण ऐकू सगळं यायचं.

जानेवारीतल्या एका सकाळी एडर्लिन आत पुस्तक घेऊन बसली होती. पलीकडे अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग पुरिंगचा आवाज. शब्द नव्हते ते. शब्द चावून टाकल्यासारखं काहीतरी होतं.

बायका जमल्या. "वारा लागला हिला!" कुणीतरी म्हणालं. "तेल आणा, चोळा." "नोंग इस्लाव समुद्रावर आहे, कुणीतरी निरोप द्या." "साखरेचं पाणी पाजा आधी."

एडर्लिन उठून उभी राहिली. "नानाय, बाहेर जाऊन बघ. तिचं तोंड एका बाजूला ओघळलंय का?"

रेमी गेली आणि लगेच परत आली. "उजवीकडे ओघळलंय. हातही लोंबतोय."

"हा मेंदूचा झटका आहे. तेलानं काही होणार नाही. आत्ताच्या आत्ता शहरात न्यायला पाहिजे. मी जाते."

रेमी दारात आडवी झाली. "तू मनिलात आहेस!"

"नानाय, ती मरेल."

"आणि तू या दारातून बाहेर पडलीस तर मी मरेन. उद्यापासून मी नळावर कुठल्या तोंडानं जाऊ? थांब. मी सांगते त्यांना."

रेमी पुन्हा बाहेर गेली. "अगं, हिला इस्पितळात न्या की," ती म्हणाली. जमलेल्यांतली बेलेन, इस्लावच्या धाकट्या भावाची बायको, तेल चोळता चोळता म्हणाली, "तुला काय कळतं गं रेमी? तू काय नर्स आहेस?"

रेमी मागं फिरली. आत आली आणि पुन्हा दाराला पाठ लावून उभी राहिली.

घड्याळ भिंतीवर होतं. एडर्लिन त्याच्याकडे बघत होती. दहा मिनिटं. वीस. आई रडत होती, पण दारातून हलत नव्हती. पलीकडे तेलाचा वास, कुणाची तरी प्रार्थना, मालिश करणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावल्याचा गलका. चाळीस मिनिटं झाली. मग साखरेचं पाणी आलं, आणि पुरिंगला ठसका लागला. घशात पाणी अडकलेल्या माणसाची ती घरघर एडर्लिनला भिंतीतून ऐकू आली.

तिनं आईला ढकललं. जन्मात पहिल्यांदा तिनं आईच्या अंगाला असा हात लावला.

"पाणी देऊ नका! कुशीवर वळवा! ट्रायसिकल रिक्षा आणा!"

अंगणातले लोक बाजूला झाले. एकानंही विचारलं नाही की तू इथं कशी. तेव्हा त्या गडबडीत हे तिच्या ध्यानात आलं नाही.

शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, "कधी झालं हे?" मग म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं. किती वाचलं असतं ते मी सांगू शकत नाही. पण आधी आणायला हवं होतं."

पुरिंग जगली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. परत आणल्यावर ती बांबूच्या पलंगावर पडून छपराकडे बघत राहायची. पुरिंगला परत आणलं त्या रात्रीच रेमीनं मुलीचे हात धरले. "इंदाय, पोरी, ते चाळीस मिनिटांचं इस्लावला सांगू नकोस. शपथ घे." एडर्लिननं शपथ घेतली नाही. पण सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती पलीकडच्या घरी जाऊ लागली. दर दोन तासांनी कूस बदलायची. तोंड पुसायचं. दाट पेज चमच्यानं, हनुवटी खाली झुकवून, एकेक घोट. लुळा हात शंभर वेळा उचलायचा, वाकवायचा. कॉलेजात हे सगळं तिनं रबरी बाहुलीवर केलं होतं. बाहुली रडत नसे. बाहुलीला लाज वाटत नसे. पुरिंगचे कपडे बदलताना ती बाई डोळे मिटून घ्यायची, आणि एडर्लिन खिडकीबाहेर बघत काहीबाही बडबडायची. आज बाजारात भोपळा काय महाग, कोंबडीनं कुणाच्या घरात अंडं घातलं. कितीही हुशार मुलीला हे पुस्तकातून आलं नसतं.

पुस्तक उशाशी असायचं. उघडलं जायचं थोडंच. मे महिन्यात ती परीक्षेला बसली. पंचाहत्तर हवे होते, चौऱ्याहत्तर पडले.

त्या संध्याकाळी रेमी तावातावानं इस्लावच्या अंगणात गेली. तो जाळं शिवत बसला होता.

"तुमच्या घरी राबून राबून माझी पोरगी नापास झाली, नोंग! आता लोकांना काय सांगू मी?"

"नापास झाली म्हणून सांग."

"तुम्हाला बोलायला काय जातंय!"

इस्लावनं सुई खाली ठेवली. "रेमी, मी चाळीस वर्षं समुद्रावर जातोय. कितीदा रिकामा परत आलो, त्याची मोजदाद नाही. रिकामी होडी मी खडकामागं लपवून ठेवतो का? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळूवर आणावी लागते. आणि भरलेली असो की रिकामी, ती एकट्याला ओढता येत नाही. हाक मारावीच लागते."

"होडी आणि पोरगी सारखी का?"

"नाही. होडीला कुणी कोंडून ठेवत नाही."

रेमीचा चेहरा उतरला. हा माणूस नेमकं किती जाणतो, या भीतीनं ती त्या रात्री जेवली नाही. भीती वाढतच गेली. इस्लावची पावलं वाजली की ती चुलीमागं जायची. ज्या नळावर तोंड दाखवता यावं म्हणून तिनं दार अडवलं होतं, त्या नळावर ती आता सगळे गेल्यावर जायची. मुलीला लपवता लपवता ती स्वतःच लपून बसली!

सप्टेंबरात पुरिंगला न्यूमोनिया झाला, आणि पाच दिवसांत ती गेली. शेवटची अंघोळ घालताना बायकांनी तिला कुशीवर वळवलं आणि त्या थबकल्या. आठ महिने अंथरुणाला खिळलेली बाई, पण पाठीवर पडून राहिल्याची एक जखम नव्हती.

एक नोव्हेंबरला आम्ही सगळे आपापल्या मृतांपाशी असतो. थडग्यांना चुना, मेणबत्त्या, केळीच्या पानावर जेवण, आणि गावोगावहून आलेल्या नातेवाइकांची चौकशी. कोण कुठं लागलं, कुणाला किती पगार, कुणाचं लग्न कधी. रेमीच्या नवऱ्याच्या थडग्यापासून दहा पावलांवर पुरिंगचं नवं थडगं होतं. इस्लाव खाली बसून तिच्या नावाच्या अक्षरांत काळा रंग भरत होता. बेलेन मेणबत्त्या लावत होती.

रेमीची नणंद, एडर्लिनची टिया म्हणजे आत्या लेतिसिया, बाकोलोद शहराहून आली होती. तिला रेमी फोनवर अजूनही मनिला आणि तिथली नोकरीच सांगत आली होती. भाताचा घास घेत तिनं मोठ्यानं विचारलं, "मग एडर्लिन, मनिला काय म्हणतंय? कुठल्या इस्पितळात आहेस? माझी सून विचारत होती, तिला तिकडं लावून देशील का?"

एडर्लिननं आईकडे पाहिलं. रेमीनं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, वर्षभर घोटलेलं. तेवढ्यात दहा पावलांवर इस्लावचा ब्रश सरकला. काळा रंग अक्षराबाहेर गेला, आणि तो आपल्या अंगठ्यानं पुसू लागला. पुसता पुसता तो रंग आणखीच पसरला.

"ती मनिलाला गेलीच नाही," रेमी म्हणाली. "एक दिवसही नाही. दोनदा नापास झाली. मी तिला घरात कोंडलं होतं."

टिया लेतिसियाचा घास हातातच राहिला.

रेमी उठली. ती दहा पावलं तिला फार जड गेली. "नोंग इस्लाव, त्या सकाळी माझ्या पोरीनं भिंतीतूनच ओळखलं होतं. ती निघाली होती. मी दार अडवलं. चाळीस मिनिटं. मला नळावर तोंड दाखवता यावं म्हणून."

इस्लावनं अंगठा फडक्याला पुसला. मग म्हणाला, "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"ती मनिलात नव्हती हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, रेमी. तुझ्या दोरीवर दोघींचे कपडे वाळत होते. बाजारातून तू दोघींचे मासे नेत होतीस. तू कुणाला फसवत होतीस?"

"मग कुणी बोललं का नाही!"

उत्तर बेलेनकडून आलं. तिच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली होती. "मला ठाऊक होतं ती आत आहे. पुरिंगला तेल लावताना मी तीनदा त्या भिंतीकडे पाहिलं. वाटलं, हाक मारावी. एडर्लिन, ये गं, असं म्हणावं. पण मग रेमीची लाज गेली असती ना! म्हणून नाही मारली. आणि वर तिलाच म्हणाले, तू काय नर्स आहेस."

त्या सकाळी पुरिंगच्या अंगणात आम्ही दहा-बारा जण होतो. हे लिहिणाराही होता. आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होतं की भिंतीपलीकडे चार वर्षं हेच शिकलेली मुलगी बसली आहे. प्रत्येकानं शहाणपणानं, शेजारधर्म म्हणून, तोंड बंद ठेवलं. एका बाईची लाज राखायला आम्ही दुसरीचा जीव दिला!

"तू एकटीनं दार अडवलं नाहीस," इस्लाव म्हणाला. "मी त्या दिवशी किनाऱ्यावर असतो, तर कदाचित मीही हाक मारली नसती. हे मला रात्री झोपू देत नाही." त्यानं ब्रश डब्यात टाकला. "तुला माफ केलं म्हणायला मला आज जमणार नाही, रेमी. पुढं जमेल की नाही ते सांगता येत नाही. पण आलीस तर मेणबत्ती लाव."

रेमीनं मेणबत्ती लावली. वाऱ्यानं ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा एडर्लिननं हाताचा आडोसा धरला.

टिया लेतिसियानं हळूच विचारलं, "म्हणजे इंदाय, वर्ष वायाच गेलं म्हणायचं."

"जे ठरवलं होतं त्यातलं काहीच झालं नाही, टिया," एडर्लिन म्हणाली. "पण गेल्या वर्षी मला माणसाला उचलता येत नव्हतं. आता येतं. आणि कुणी दार अडवलं, तर चाळीस मिनिटं थांबायचं नसतं, हेही आता कळतं. ते फार महाग पडलं."

त्याच महिन्यात ती तिसऱ्यांदा परीक्षेला बसली. ती पास झाली असं लिहायला मला आवडलं असतं. यादीत नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नळावर चांगली गर्दी असताना, रेमी हंडा घेऊन आली. डोळे सुजलेले होते. "माझी पोरगी पुन्हा नापास झाली," ती म्हणाली. "मे महिन्यात परत बसेल. तोवर घरात आहे. कुणाला काही लागलं तर हाक मारा."

बेलेननं आपला हंडा सरकवून तिला जागा केली. मग म्हणाली, "माझ्या सासऱ्याच्या पायाची जखम चिघळलीय. दुपारी पाठवशील का तिला?"

"पाठवते की. जेवण झालं की येईल."

मित्रांनो, आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत अशी एक खिडकी बंद असते. तिच्याआड कुणीतरी नापास झालेलं, नोकरी गेलेलं, परदेशातून परत पाठवलेलं माणूस बसलेलं असतं, आणि आपण मोठ्या सभ्यपणानं तिकडे न बघता पुढं जातो. त्या सभ्यपणाची किंमत पुरिंगनं दिली. ठरवलेलं साधलं नाही म्हणून माणूस निकामी होत नाही. त्याला निकामी करते ती त्याची लाज, आणि ती राखायला मदत करणारे आपण. त्या खिडकीवर थाप मारा. नाव घेऊन हाक मारा. उशीर व्हायच्या आधी मारा.