बाबांचा डावा कान

बाबांचं वर्षश्राद्ध रविवारी होतं आणि त्या आठवड्यात आईने मला द्रोणागिरीला सासरी फोन करून सांगितलं, "बाय, मना म्हाताऱ्याचा तोंड आठवत नाय."

मी हसले. बाबा पस्तिशीत होते तेव्हापासून ती त्यांना म्हातारा म्हणते, तिच्या तोंडी तो लाडाचा शब्द. पण ती हसली नाही. आवाज ऐकू येतो, चालताना पाठ दिसते, पण डोळे मिटून चेहरा बघायला गेलं की काहीच येत नाही, म्हणाली. "भितीवर फोटो पायजे. रविवारच्या आत."

मी संध्याकाळीच पनवेलला माहेरी पोचले.

आता आमच्याकडे फोटो नाहीत अशातला भाग नाही. माझा भाऊ हरेश बिल्डर झाल्यापासून घरात वास्तुशांतीपासून मांजर व्याल्यापर्यंत सगळ्याचे फोटो निघतात. पण बाबा एकाही फोटोत एकटे नाहीत. कुणी कॅमेरा काढला की ते हाताशी असेल ते पोर उचलून डाव्या खांद्यावर ठेवायचे. "याचा काडा. माजा कशाला, मी काय पलून चाललोय?"

मिठागरात टोपल्या वाहून घट्ट झालेला खांदा तो. मिठागरं गेली, शेतं गेली, खांदा आम्हाला मिळाला. आधी हरेश बसला, मग मी, मग आमची पोरं. आणि तोल सावरायला प्रत्येकाने धरला तो बाबांचा डावा कान. बिचारा उजव्यापेक्षा चांगलाच बाहेर आला होता, कढईच्या कानासारखा. माझ्या दहावीच्या परीक्षेला बाबा रोज पेपर सुटेपर्यंत उन्हात उभे राहायचे आणि बाहेर आल्यावर एवढंच विचारायचे, "पेन चालला ना?" दुसरं काही विचारायचं त्यांना सुचायचंच नाही. तेव्हाही शेजारचं कुणाचं तरी पोर त्यांच्या खांद्यावर असायचंच.

एकटे असे ते फक्त आधार कार्डावर आहेत. ते बघून आई म्हणाली, "यो तर चोर धरलाय."

शेवटी हरेशने त्याच्या मोबाईलमधला एक फोटो निवडला. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचा, ओटीवर, खांद्यावर हरेशचा अथर्व. आईला मोतीबिंदूमुळे मोबाईलच्या झगझगाटात काही दिसत नाही, म्हणून तिला न दाखवताच तो बाजारातल्या सत्यजीतच्या स्टुडिओत गेला. सत्यजीत हुशार. त्याने कॉम्प्युटरवर अथर्वला उचलून बाजूला केलं. अथर्वच्या मुठीत बाबांचा कान होता, मुठीबरोबर तोही गेला, म्हणून त्याने नवा कान बसवला, उजव्याशी अगदी जुळणारा. वर कोट दिला, टाय दिला, पडलेले दातही भरून दिले.

"बाबा एकदम मंत्री दिसतात," हरेश खूश.

माझं डोकंच फिरलं. "बाबांनी आयुष्यात टाय बघितला तो तुझ्या लग्नात. तोही बँडवाल्याच्या गळ्यात!"

आईने फोटो मांडीवर घेतला, बराच वेळ न्याहाळला आणि परत दिला. "बरा हाय मानूस. कोन हाय?"

हरेशचा चेहरा पडला. आई उठून आतल्या खोलीत गेली. मी मागे गेले तर ती पदर डोळ्यांना लावून बसलेली. "तुमी दोगं वलखता. मनाच वलखाय येत नाय. म्हंजे मीच विसरले ना त्याला?"

एवढा संसार केलेली बाई, आणि ती स्वतःलाच दोष देत होती. मला तो कोटवाला फोटो फाडून टाकावासा वाटला. दुसऱ्या दिवशी मीच स्टुडिओत गेले. "कोट काढ, दात काढ, पोराला परत खांद्यावर ठेव. आणि आमचा कान आम्हाला दे."

"ताई, श्राद्धाला असा फोटो कुणी लावत नाही."

"आम्ही लावतो."

रविवारी सकाळी मी आईपुढे फोटोवरचा कागद सोडला. गंजीफ्रॉकातले बाबा. छातीवर अथर्वचे पाय, ते पाय धरलेले बाबांचे दोन्ही हात, कान मुठीत, म्हणून मान वाकडी, एक डोळा बारीक, आणि 'अरे हलू!' असं ओरडताना उघडं पडलेलं बोळकं.

आईने बघितलं. मग डोळे मिटले. डोळे मिटलेलेच, आणि आई हसायला लागली. "हा. यो माजा. बग, कान दुखतोय त्याचा."

मला रडूही आलं आणि फार बरं वाटलं.

हरेशने फोटो भिंतीवर लावला. तेवढ्यात बुधाजीकाका, बाबांचे धाकटे भाऊ, झेंडूचा जाड हार घेऊन आले आणि फोटो बघून दारातच थबकले. "यात पोर हाय! जित्या पोराच्या फोटोला हार घालतान काय कोन?"

हरेश पांढराफटक पडला. अथर्व म्हणजे त्याचा जीव की प्राण. "काका बरोबर बोलतात. पोराला कापून पुन्हा आणतो," म्हणत तो खिळ्याकडे वळलासुद्धा. मी आईकडे बघितलं. आत्ता कुठे सापडले होते बाबा तिला, आणि लगेच हे दोघं त्यांना न्यायला निघाले.

आईने शांतपणे काकांच्या हातातला हार घेतला आणि देव्हाऱ्यावर नेऊन ठेवला.

"हार नको, भावजी."

"अगो वयनी, वरीस झाला. हार नाय घातला त लोकं काय बोलतील?"

"बोलूं द्या. त्याचे दोनी हात गुतलेत. पोराला धरलाय त्यानी. हात मोकले झाले म्हंजे घालू हार."

काकांनी फोटोकडे पाहिलं, डोळे पुसले आणि चप्पल काढून आत येऊन बसले.

अथर्व इतका वेळ फोटोतल्या स्वतःकडेच बघत होता. "आजी, मग मी खाली कधी उतरणार?"

"तुला काय घाई हाय रं?" आई म्हणाली.