ताटाच्या वेळेला येणारा

चातुर्मासात माझा मौनभोजनाचा नेम असतो. एकभुक्त राहायचं, आणि ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की जेवण संपलं. ताटावरून उठायचं, मग अन्न दुसऱ्याच दिवशी. ऑफिसात मी कोणाला सांगितलेलं नाही. नेम काही सांगत सुटण्यासाठी नसतो.

खालापूरला आमच्या दूध संघाचं ऑफिस आहे. गावोगावच्या केंद्रांत दूध गार ठेवायच्या टाक्या आहेत, त्या सगळ्या इथल्या कॉम्प्युटरला जोडलेल्या. बाहेरून कोणी त्यात शिरलं की माझ्या स्क्रीनवर सूचना येते, कोणती टाकी तेवढंच, नाव नाही. मी देखभालीच्या माणसांना फोन करून विचारायचं, कोण, कशाला. मागच्या खोलीत मी एकटीच असते. दिवसभरात माणसाचा आवाज कानी पडतो तो याच फोनांवर.

श्रावण लागला आणि कोणीतरी न सांगता आत येऊ लागलं. कडावच्या टाकीची नोंद उघडून बघायचं, निघून जायचं. मी हात धुऊन येईपर्यंत गेलेलं असायचं.

ऑफिसचे प्रमुख संतोष सर म्हणाले, “आज बघतोय, उद्या टाक्या बंद पाडून पैसे मागेल. शुक्रवारपासून बाहेरून येणं सगळ्यांनाच बंद.”

“सर, मग अवेळी टाकी बिघडली तर बाहेरून दुरुस्त कोण करणार? गावंच्या गावं दूध ओतून देतील.”

“मग चोर पकडून द्या, भाग्यश्रीताई. पोलिसांत मी जातो. नाहीतर तुमच्या देवाला विचारा.”

“देव चहाड्या करत नाही, सर. मला थोडे दिवस द्या.”

चोर ओळखायचा तर त्याच्या जागी बसून बघावं लागतं. त्याला काय हवंय, तो कशाला भितो, त्याला काय ठाऊक आहे. पैसे हवे असते तर नेरळची टाकी सगळ्यात मोठी. तिच्याकडे तो फिरकला नव्हता. बदललंही काही नव्हतं. भीत होता तो फक्त माझ्या फोनला. मग त्याच्या वेळा लावून पाहिल्या. रोज दुपारी, मी डबा उघडल्यावर. एकादशीला आलाच नाही. संकष्टीला दुपारी नाही, चंद्रोदयानंतर आला. मी घरी ताटावर बसले होते तेव्हा.

माझी संकष्टी सख्ख्या बहिणीच्याही ध्यानात राहत नाही. ज्याला शत्रू म्हणून मी शोधत होते, त्याला माझं पंचांग पाठ होतं.

मग नाव शोधावं लागलं नाही. साईनाथ. गेल्या चातुर्मासात शेजारच्या खुर्चीत असायचा. मी ताट मांडलं की फोन स्वतःकडे ओढायचा, “जेवा ताई, मी बघतो.” गप्प का असता, हे त्याने कधी विचारलं नाही, बघून बघून ओळखलं. उन्हाळ्यात त्याच्या पाळीत कडावची टाकी बंद पडली, दूध नासलं, त्याला काढून टाकलं. तो गेला, देखभालीसाठी बाहेरून आत यायला त्याला दिलेली वाट मात्र उघडीच राहिली.

दुसऱ्या दिवशी वाटलं, जेवू नये, नुसतं वाट बघत बसावं. पण तो माझ्या नेमावर भरवसा ठेवून येत होता. खोटं ताट मांडून त्याला धरणं मनाला पटेना. नैवेद्य दाखवला, खरोखर जेवायला बसले. दुसऱ्या घासाला सूचना आली. मी फोन लावला.

“साईनाथ.”

पलीकडून, “ताई, तुमी जेवत होता ना?”

“होते.”

“मग बोललात कशाला? आता उद्यापर्यंत उपाशी.”

“तू काय करतोस तिथे?”

“काय नाय. टाकी गार हाय का बघतो. गोदामात लागलोय, काम बरं हाय. पण बघितल्याबिगर घास उतरत नाय.”

“आणि माझा फोन चुकवून?”

“तुमी इचारलं असतं तर खोटं बोलाया लागलं असतं. तुमच्याशी नाय जमत. खरं सांगितलं तर दार तुमालाच लावाया लागलं असतं.”

“सर सगळ्या गावांचं दार लावायला निघालेत. आणि उद्या तुझ्याच वाटेने दुसरा कोणी येईल रं. त्याला टाकी गार नको असेल.”

“लावा,” म्हणाला. “आजचं तेवढं सांगा.”

“चार अंश.”

“मग बरं हाय.”

त्याची वाट मी बंद केली. ताटातलं अन्न मागच्या गल्लीतल्या गाईला घातलं आणि सरांना नाव सांगितलं, कारणही सांगितलं.

“एवढ्यासाठी?” सर म्हणाले. “पोलिसांना काय सांगू, टाकी बघितली म्हणून?” शुक्रवारची बंदी त्यांनी मागे घेतली, तक्रारही केली नाही. “पण तुम्ही त्याला पुन्हा फोन करायचा नाही. कळलं ना?”

“हो,” म्हटलं. शब्द दिला की पाळावा लागतो.

दुसऱ्या दिवशी जेवताना स्क्रीनवर काही आलं नाही. सर दारात डोकावले, “ताई, एक विचारायचं होतं.” मी खाली बघून भात कालवत राहिले. ते थोडा वेळ उभे राहिले.

“रागावलेल्या दिसताय,” म्हणाले, आणि दार ओढून घेऊन गेले.