शोकठराव

नुआला हेरटीने मागच्या सभेचं इतिवृत्त पुन्हा एकदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. तिच्या नवऱ्याचं, पॅकीचं, नाव त्यात नव्हतं. चुकून दुसऱ्या विषयाखाली गेलं असेल म्हणून तिने रस्ते, गटारं, मोकाट कुत्री, सगळं वाचून काढलं होतं. नव्हतंच.

सभापती डर्मट केव्हलिनने घंटा वाजवली.

"शोकठराव," तो म्हणाला, आणि सगळ्यांचे चेहरे एकदम उतरले.

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, परिषदेत प्रथाच अशी. आधी गेलेली माणसं, मग कामकाज. आपल्या भागात कुणी वारलं असेल तर उठून नाव घ्यायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, शेवटी सगळ्यांनी मिनिटभर उभं राहायचं, आणि त्या घरी परिषदेचं पत्र जायचं. एरवी खड्ड्यांवरून एकमेकांच्या उरावर बसणारी मंडळी तेवढ्यापुरती एका घरची होत. नियम एकच, कुठेही न लिहिलेला पण दगडासारखा: स्वतःच्या घरचं नाव स्वतः घ्यायचं नाही. लोक काय म्हणतील?

एकेक जण उठू लागला. निवृत्त पोस्टमन. फादर मॉरनची आई. शर्यतीचे कुत्रे पाळणारा टॉम बर्क, ज्याच्याशी अर्ध्या सभागृहाचं भांडण होतं. बॉस्टनमध्ये वारलेली कुणाची तरी शाळेतली बाई. नुआलाही उठली, तिने तिच्या भागातल्या म्हाताऱ्या मिसेस गॉनचं नाव घेतलं आणि बसली. मग तिने समोर पाहिलं. समोरच्या बाकावर फिंटन लॉफ्टस होता, तिच्याच भागातून निवडून आलेला, विरोधी पक्षाचा. तो चष्मा पुसत होता. शेजारी डेक्लन मनेली, तिच्या पक्षाचा इथला नेता. तो फोन बघत होता.

"आणखी कुणी?" सभापतीने विचारलं.

कुणी नव्हतं. सगळे उभे राहिले. नुआलाही उभी राहिली, दुसऱ्यांच्या माणसांसाठी. मागच्या महिन्यात ती सभेला नव्हती, पॅकीला माती देऊन आठवडाही झाला नव्हता. तेव्हा राहिलं असेल तर आज घेतील, असं ती येताना गाडीत स्वतःला समजावत आली होती. मिनिट संपलं. खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं, आणि सभापतीने पुढचा कागद उचलला.

विषय तिसरा फिंटनचा होता. रुग्णवाहिकांचं देशभराचं धोरण बदला, सगळे फोन राजधानीत घेणं बंद करा, प्रत्येक काउंटीला तिचा नियंत्रण कक्ष परत द्या, अशी मंत्र्यांकडे मागणी. असे ठराव इथे महिन्याला पाच-सहा व्हायचे. युद्ध थांबवा, टपाल कचेऱ्या वाचवा, व्याजदर उतरवा. मंत्र्यांकडून उत्तर यायचं, 'नोंद घेतली.' पालथ्या घड्यावर पाणी. पॅकी म्हणायचा, "तुमचे ठराव म्हणजे सांताक्लॉजला धाडलेली पत्रं गं. उत्तर येतं, पण आपल्या आईच्या अक्षरात."

डेक्लन तिच्याकडे झुकला.

"आपण दुरुस्ती मांडणार आहोत. 'सरकारच्या प्रयत्नांचं स्वागत करून' वगैरे. फिंटनच्या मूळ ठरावाला विरोध. तुला अवघड आहे, मला कळतं. पण वरून निरोप आलाय. एका मताचा खेळ आहे, नुआला."



फिंटन उठला. बोलायला तो पट्टीचा.

"सभापती, मला आकडेवारी सांगायची गरज नाही. आपल्या सभागृहात जिवंत उदाहरण बसलंय! ड्रमगारला माणूस जमिनीवर पडलाय, बायको फोन करतेय, आणि राजधानीतला पोरगा तिला विचारतोय, घर नंबर काय? घर नंबर! आपल्याकडे घराला नंबर असतो का?"

"नसतो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"चर्चच्या पुढे, निळं फाटक, असं सांगितलं बाईने. आणि गाडी गेली कुठे? दुसऱ्या ड्रमगारला! डोंगरापलीकडच्या! या उदाहरणावरूनच कळतं..."

"एक मिनिट," डेक्लन उठला. "ते दुर्दैवी प्रकरण आम्हालाही माहीत आहे. पण एका प्रकरणावरून देशाचं धोरण ठरत नाही."

"प्रकरण? अरे, तुझ्याच बाकावरचं आहे ते!"

"म्हणूनच त्याचं राजकारण करू नकोस!"

मग जे सुरू झालं ते सुरूच झालं. गाडी उत्तरेकडून आली की पूर्वेकडून, यावर दोघांची जुंपली. फाटक निळं होतं की हिरवं, यावर तिसऱ्याने तोंड घातलं. कुणी म्हणालं, ड्रमगारची पाटीच पडलेली आहे, तो तर रस्ते विभागाचा प्रश्न. रेडिओची बातमीदार भराभर लिहून घेत होती. उदाहरण, प्रकरण, दाखला. पॅकीला इतकी नावं मिळाली, त्याचं स्वतःचं तेवढं एकानेही उच्चारलं नाही.

फाटक निळंच होतं. पॅकीनेच ते रंगवलं होतं, इस्टरला, मेंढ्यांवर खूण करायचा उरलेला रंग वापरून. तिने विरोध केला होता, तर म्हणाला होता, "लांबून दिसेल गं. पाहुण्यांना सोपं." त्या दिवशी ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती आणि उघड्या दारातून तेच फाटक दिसत होतं. नुआलाने टेबलाखाली हात घट्ट धरले. रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि त्या रागाची तिला लाज वाटत होती. सगळे तिच्याचसाठी तर भांडत होते.

दुरुस्ती एका मताने पडली. नुआलाने त्यावर हातच वर केला नाही. डेक्लनचा जबडा आवळला गेला. मग मूळ ठराव, नावं पुकारून. सचिव ऊना स्कॅनलन एकेक नाव घेत गेली. बाजूने. विरोधात. विरोधात. बाजूने. नुआला रांगेच्या टोकाला बसायची, तिचं नाव शेवटी आलं, आणि तोवर दोन्ही बाजू बरोबरीत होत्या.

"नुआला हेरटी?"

ती उभी राहिली. मत बसूनच द्यायचं असतं.

"सभापती, मला शोकठराव मांडायचा आहे."

डर्मट गोंधळला. "अगं, ती वेळ मगाशी गेली."

"हो. मगाशी गेली. मागच्या महिन्यातही गेली." तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "पॅट्रिक हेरटी, आपला पॅकी. राहणार ड्रमगार. मेंढ्या पाळायचा. नाचता येत नव्हतं तरी प्रत्येक लग्नात नाचायचा. तुमच्यातल्या निम्म्यांच्या गाड्या बर्फातून ट्रॅक्टरने ओढून काढल्यात त्याने. घरचं नाव घरच्याने घ्यायचं नसतं, मला माहीत आहे. कुणी घेतलं नाही, म्हणून घेते."



"माझं अनुमोदन," फिंटन म्हणाला, आणि त्याच क्षणी डेक्लनही, "माझं अनुमोदन." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मला वाटलं, तू घेशील," फिंटन हळूच म्हणाला. "तुमच्या पक्षाचं माणूस."

"मला वाटलं, तू. तुझा भाग."

सगळे उभे राहिले. बातमीदारही उभी राहिली, पेन खाली ठेवून. या वेळी कुणी खोकलं नाही. डर्मटने घड्याळाकडे पाहिलंच नाही, त्यामुळे ते मिनिट बरंच लांबलं.

बसल्यावर ऊनाने घसा साफ केला. "मत... मत राहिलं आहे."

"बाजूने," नुआला म्हणाली.

ठराव मंजूर झाला. कुणी टाळी वाजवली नाही. डेक्लनने कागद गोळा केले, तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला आणि परत घेतला. मंत्र्यांना पत्र जाणार होतं, नोंद घेतली जाणार होती.

चहाच्या वेळी ऊना पाकिटांचा गठ्ठा घेऊन फिरत होती. शोकपत्रं ती सभा संपायच्या आत टाइप करून आणायची, कारण नुआलासारखे काही जण आपल्या भागातली पत्रं पोस्टाने जाऊ देत नसत. स्वतः घरी नेऊन द्यायचे, चहा प्यायचे, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द ऐकायचे. पॅकी तिची थट्टा करायचा, पण दर वेळी स्वतःच बूट चढवायचा आणि म्हणायचा, "चल, मी सोडतो."

"हे मिसेस गॉनच्या घरचं," ऊनाने सवयीने दोन पाकिटं पुढे केली. "आणि हे ड्रमगारचं. तुमच्याच भागातलं आहे, नेहमीसारखं तुम्हीच नेऊन द्याल ना?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती गोरीमोरी झाली, हात तसाच हवेत राहिला.

नुआलाने दोन्ही पाकिटं घेतली. वरचं नाव वाचलं, पिशवीत नीट उभी ठेवली, दुमडणार नाहीत अशी.

"देईन की," ती म्हणाली. "तिकडेच चालले आहे."